झेडपी शाळेत मुख्याध्यापकाचं पदच नाही, चार्जवाल्या मॅडमना पालकांनी नेमकी कसली मदत करावी?

पश्चिमेचा_पालक

नमस्कार मंडळी. पुणे शहराला चिकटलेल्या एका गावातली झेडपीची शाळा, पहिली ते पाचवी, पट १४०. मुलगी तिसरीत आहे. जूनच्या सभेत मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलं, म्हणजे बाकी कोणी हो म्हणेना म्हणून गळ्यात पडलं असंच समजा. मंजूर पदं पाच, हजर तिघं. मुख्याध्यापक असं पदच नाही म्हणे, सगळ्यात सिनियर मॅडमकडे चार्ज आहे आणि त्याच चौथी-पाचवी असे दोन वर्ग एकत्र घेतात.

परवा दाखल्याच्या कामाला गेलो तर मॅडम फळ्यावर भागाकार लिहीत होत्या, टेबलावर मोबाईल चार्जिंगला, त्यावर केंद्राच्या, म्हणजे आजूबाजूच्या झेडपी शाळांच्या गटाच्या, ग्रुपचे मेसेज धडाधड. एक मेसेज असा की सोबतची लिंक दुपारी १२ पर्यंत भरावी, न भरणाऱ्या शाळांची नावं वरिष्ठांना कळवली जातील. तेव्हा वाजले होते पावणेबारा. मॅडमनी खडू खाली ठेवला, मुलांना पान उतरवायला सांगितलं आणि लिंक भरायला बसल्या, तेवढ्यात खिचडीच्या ताई तेल विचारायला आल्या. भागाकार राहिला तो राहिलाच.

आमच्या पालकांत थोडे आयटीवाले, बरेचसे कंपनीत किंवा बांधकामावर. मदत करायची इच्छा आहे सगळ्यांची पण कोणी म्हणतं प्रोजेक्टर देऊ, कोणी म्हणतं भिंती रंगवू, एक जण म्हणतो मॅडमचा सत्कार करू. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या काही नको हो, तुम्ही विचारलंत तेच खूप. म्हणून इथं विचारतोय, जे स्वतः या खुर्चीत बसलेत किंवा जवळून बघितलंय त्यांनी सांगा, पालकांनी काय केलं तर खरंच भार कमी होतो?

---

चार्जमध्येच_आयुष्य

अध्यक्षसाहेब, पहिले म्हणजे विचारलंत त्याबद्दल आभार. आमचे अध्यक्ष १५ ऑगस्टला पहिल्या खुर्चीत असतात आणि बँकेत जोडसही लागते तेव्हा फोन उचलत नाहीत. तेव्हा मदत नंबर एक, सहीला वेळेवर या. हसू नका, अनुदान मार्चअखेर येतं आणि तेव्हाच खर्च करायचं असतं, एक सही अडली की पैसे परत जायची वेळ येते.

मीपण प्रभारीच आहे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. शिपाई नाही, क्लार्क नाही. कुलूप मीच उघडतो, टाकीत पाणी आहे का मीच बघतो, परिपाठ झाला की हजेरी आणि हजेरी झाली की तांदूळ. पहिली ते पाचवीला प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५ ग्रॅम तेल, हजर मुलांनी गुणायचं आणि ताईंना मोजून द्यायचं. शिजलं की पोरांच्या आधी आम्ही खायचं आणि चव रजिस्टरला सही करायची. मग किती जेवले तो आकडा ॲपवर टाकायचा. शाळेत रेंज नाही, देवळाच्या पारावर येते, तिथं जाऊन टाकतो, गावकऱ्यांना वाटतं गुरुजी मोबाईल खेळतायत. महिनाअखेरीला शिल्लक तांदूळ वहीशी जुळलाच पाहिजे, पोतं उतरवतानाच दोन किलो कमी आलं असलं तरी.

वर माहिती. एकच माहिती तीन जण तीन वेगळ्या तक्त्यांत मागतात. सगळ्यात डोकं कशाने फिरतं माहितीये का, निरंकच्या माहितीने. आपल्याकडे अमुक गोष्ट नाहीच आहे हे सांगायलासुद्धा तक्ता भरा, प्रिंट काढा, सही शिक्का मारा, फोटो काढून परत ग्रुपवर टाका.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. आधार. बाकी सगळं राहू द्या, ३० सप्टेंबरच्या आत मुलांचे आधार दुरुस्त करून द्या. गेली काही वर्षं संचमान्यतेला, म्हणजे शिक्षक किती मंजूर हे ठरवायला, आधार जुळलेलीच मुलं धरतात. वर्गात १४० बसली असतील पण १५ जणांचं आधार जुळत नसेल तर कागदावर तुमची शाळा १२५ ची, आणि पद गेलं की पुढचं वर्षभर बोंबलत बसा. आमच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदीच्या वहीत, पोरीचं नाव आरोही, आधारला अरोही, जन्मतारखेत जूनचा जुलै. एवढ्यावर नाव रिजेक्ट. शिक्षक पोरांना आधार सेंटरला घेऊन जाऊ शकत नाही, आईबापच लागतात, आणि आईबाप रोजंदारीवर. एक दिवसाचा रोज बुडवून रांगेत कोण उभं राहणार?

---

नगर_रोड_स्पष्टवक्ता

सगळं मान्य पण एक विचारू? पगार सातव्या वेतन आयोगाचा, उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी. आमच्या कंपनीत पण एक माणूस तिघांचं काम करतो, त्याला कोणी सत्कार घालत नाही. थोडं काम वाढलं तर एवढं काय.

---

चार्जमध्येच_आयुष्य

पगाराबद्दल तक्रार कोणी केलीच नाहीये वर, परत वाचा. तुमच्या कंपनीत तिघांचं काम केलं तर फाईल मागे पडते. इथं चौथीचा भागाकार मागे पडतो आणि तो पोरगा पुढच्या वर्षी पाचवीत जातोच, थांबत नाही. आणि सत्कार आम्हालाही नकोय, शाल ठेवायला कपाटात जागा नाही, तिथं रजिस्टरं आहेत.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख

सर्वांना नमस्कार. बरीच वर्षं शाळा बघितल्या म्हणून थोडं कायद्याचं बोलतो, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मुख्याध्यापकाचं पद का नाही, तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला १५० च्या वर मुलं असतील तरच पाच शिक्षक अधिक एक मुख्याध्यापक असं आहे. तुमची १४०. म्हणजे दहा-अकरा मुलांसाठी ही सगळी ओढाताण चाललीय. हे लक्षात ठेवा, खाली परत येतो.

अशैक्षणिक कामं. त्याच कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावू नये. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये मतदार यादीच्या कामाबद्दलही सांगितलंय की ते सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या सरकारने कुठलं काम शैक्षणिक आणि कुठलं अशैक्षणिक याची यादीच काढली. कागद भक्कम आहेत हो, पण बीएलओचा, म्हणजे मतदार यादीच्या कामाचा, आदेश आला की एकटी मॅडम कलम दाखवून भांडणार का? नाही भांडत कोणी, नोकरी करायची असते. इथं समितीचं काम आहे. मासिक सभेत ठराव घ्या की अमुक तारखांना आमच्या शाळेत एकूण तीन शिक्षक असताना एकाला बाहेरचं काम दिल्याने दोन वर्ग बिनशिक्षकाचे राहिले, आणि ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. मॅडमनी लिहिलं तर ते गाऱ्हाणं ठरतं, पालकांनी लिहिलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं. फक्त भाषा सौम्य ठेवा. जनगणनेपुरतं मात्र काही करता येणार नाही, २०२७ ची आलीच आहे आणि ती कायद्यातच वगळलेली आहे.

रिक्त पदांचंही तसंच. पवित्र पोर्टलवरून भरती होते तेव्हा शहराजवळच्या शाळेत माणूस मिळतो असं लोकांना वाटतं, नेहमीच तसं होत नाही, बदल्यांच्या चक्रात जागा रिकामी पडते ती पडते. पदोन्नतीचं तर आणखी अवघड झालंय, १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पदोन्नतीला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते, आणि ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त राहिलीय त्यांना नोकरीत राहायलासुद्धा दोन वर्षांत ती पास व्हायची आहे. म्हणजे तुमच्या सिनियर मॅडम रात्री कदाचित बालमानसशास्त्राची गाईड वाचत असतील, त्यांना एकदा विचारा.

आता पैसे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० संयुक्त अनुदान असा निकष आहे, त्यातले दहा टक्के तरी स्वच्छतेवर जायला हवेत. खडू, झाडू, नळदुरुस्ती, प्रिंटरची शाई, रजिस्टरं, सगळं त्यातूनच. हप्त्यांनी येतं आणि उशिरा येतं, तोवर खिशातून जातं हे सांगायला नकोच. वीजबिल आणि मोठी दुरुस्ती ग्रामपंचायतीकडून होऊ शकते, वित्त आयोगाचा निधी तिथं येतो. त्यासाठी ग्रामसभेत शाळेचा विषय अजेंड्यावर घ्यायला लावणं हे अध्यक्षाचं काम, मॅडमचं नाही. मॅडम सरपंचांच्या दारात बिल घेऊन उभ्या राहतात ते बघवत नाही.

आणि ते दहा मुलांचं. गावात पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत किती मुलं जातात मोजलंत का कधी? आणि बांधकामाच्या साईटवर, वीटभट्टीवर किती मुलं कुठल्याच शाळेत नाहीत? गुढीपाडवा, पट वाढवा अशी घोषणा आम्ही पाडव्याला देत फिरायचो, पण शिक्षकांनी घरोघर फिरणं वेगळं आणि त्याच शाळेत स्वतःची मुलगी घातलेल्या बापाने शेजाऱ्याशी बोलणं वेगळं. पट १५० च्या वर गेला, आधार जुळले, की मुख्याध्यापकाच्या पदावर निदान हक्क तरी सांगता येतो.

---

कोथरूडची_मावशी

काका, कायदा छान समजावलात. मी महापालिकेच्या शाळेत होते शहरात. आमच्याकडे चित्र जरा निराळं, मुख्याध्यापक असतात, खिचडी सेंट्रल किचनमधून टेम्पोने येते त्यामुळे तांदूळ मोजायची भानगड नाही. पण एकाच इमारतीत सकाळी एक शाळा दुपारी दुसरी, त्यामुळे तुटलेला बाक कोणाचा, गळका नळ कोणी दुरुस्त करायचा यावर दोन मुख्याध्यापकांची वर्षभर पत्रापत्री. प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं एवढंच सांगायचं होतं. म्हणून दुसऱ्या शाळेत जे चाललं ते आपल्याकडे तसंच्या तसं आणू नका.

---

सीएसआर_मधली

मी एका कंपनीच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामाच्या विभागात, काम करते, नाव नको. आतली गोष्ट सांगते. आम्हाला मार्चच्या आत बजेट संपवायचं असतं म्हणून आम्ही शाळेला टॅब देतो, फोटो काढतो आणि जातो. त्या टॅबचं पुढे काय होतं ते मला एका गुरुजींनी दाखवलं. लोखंडी कपाट, त्याला दोन कुलपं, आत २० टॅब खोक्यासकट. का, तर आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढवावी लागते, एक हरवली किंवा फुटली तरी ऑडिटला उत्तर मुख्याध्यापकाने द्यायचं, निर्लेखन, म्हणजे मोडकी वस्तू नोंदीतून काढणं, करायचं म्हटलं तर वेगळा प्रस्ताव. वर्गात दिले आणि पोराने पाडला तर? त्यापेक्षा कपाट बरं. ते म्हणाले मॅडम तुम्ही वस्तू दिलीत, त्याबरोबर मला एक नोकरी पण दिलीत राखणदाराची.

त्यामुळे प्रोजेक्टरवाल्या पालकांना सांगा, आधी मॅडमना विचारा की कुठली गोष्ट आली तर तुमचं काम कमी होईल. शंभरातल्या नव्वद वेळा उत्तर येतं चालू असलेला प्रिंटर, त्याचं वर्षभराचं टोनर आणि नीट चालणारं वायफाय. फोटोत दिसत नाही हो ते, म्हणून कोणी देत नाही. केंद्र सरकारचं विद्यांजली नावाचं पोर्टल आहे, २०२१ मध्ये नव्याने सुरू झालं, शाळा त्यावर आपली गरज टाकते आणि लोक वस्तू किंवा वेळ देतात. तिथून आलं की मागणीची नोंद राहते, कोणी विचारलं तर दाखवायला कागद असतो. पण त्याचंही लॉगिन आणखी एक हे मी मान्य करते 😅 एखाद्या पालकाने मॅडमच्या शेजारी बसून एकदा भरून दिलं तर बरं.

---

पश्चिमेचा_पालक

बाप रे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. आधारचं मला अजिबात माहीत नव्हतं, पटाशी त्याचा संबंध आहे हे आमच्या समितीत कोणालाच माहीत नसणार. मॅडमना आज फोन करून विचारलं, २२ मुलांचं जुळत नाहीये. त्यातली बरीचशी लेबर कॅम्पवरची.

दोन प्रश्न. एक, आमच्यातला एक आयटीवाला म्हणतोय यूडायस, म्हणजे शाळेची माहिती भरायचं सरकारी पोर्टल, वगैरेचा पासवर्ड द्या, मी शनिवार-रविवारी बसून सगळी पोर्टलं भरून टाकतो. हे चालेल का? दुसरं, गावात डीएड झालेली एक मुलगी आहे घरीच, तिला वर्गणीतून थोडे पैसे देऊन वर्गावर बसवता येईल का?

---

चार्जमध्येच_आयुष्य

पासवर्ड अजिबात नको. मुलांचे आधार नंबर, जात, बँक खातं सगळं त्यात असतं, उद्या काही बाहेर गेलं तर मॅडमची नोकरी. तुमच्या मित्राचा हेतू चांगला असेल पण लॉगिन मॅडमच्याच हातात राहू दे. त्याला दुसरं काम द्या. जनरल रजिस्टरवरून नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव अशी साधी यादी एक्सेलला मॅडमच्या समोर शाळेतच बसून टाईप करून द्यायला सांगा, शाळेच्याच कॉम्प्युटरवर. नवा तक्ता आला की मॅडम त्यातून कॉपी पेस्ट करतील. आमच्याकडे एका माजी विद्यार्थ्याने हे करून दिलं आणि देवाशपथ सांगतो निम्मा त्रास गेला.

२२ जणांसाठी कॅम्पच्या मुकादमाशी बोला. एका वेळी सात-आठ आया आणि पोरं, कोणाची तरी गाडी, आधी सेंटरला फोन करून वेळ घ्या. जन्माचा दाखला नसेल तर तिथंच गाडी अडते, मग ते काम आधी. परराज्यातली असतील तर दाखला गावाकडून मागवावा लागतो म्हणून ऑगस्टमध्येच सुरुवात करा, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळा महाराष्ट्र रांगेत असतो. आणि रोज बुडतो त्याचं बघा काहीतरी. प्रोजेक्टरच्या वर्गणीतून त्या आयांचा एका दिवसाचा रोज द्या, कोणाचं काही म्हणणं असेल तर माझा नंबर... नको, इथंच पाठवा त्याला.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख

डीएडवाल्या मुलीचं, होय, पुष्कळ गावांनी लोकवर्गणीतून असं केलंय. समितीचा ठराव करा, मानधन समितीने द्यायचं, हजेरी वेगळ्या वहीत, आणि केंद्रप्रमुखांना कल्पना देऊन ठेवा म्हणजे अचानक भेटीत प्रश्न नको. तिच्याकडून लेखी घ्या की हे तात्पुरतं आहे, नोकरीचा हक्क नाही. हे कोरडं वाटेल पण पुढे भांडणं याच्यावरूनच होतात. तिला दिवसभर वर्ग देऊ नका, मॅडम मीटिंगला गेल्या किंवा ऑनलाईन काम आलं की चौथी-पाचवीवर ती बसेल एवढंच ठरवा. आणि मानधन वेळेवर द्या, गावात वर्गणीचा उत्साह गणपतीपर्यंतच टिकतो हा माझा अनुभव.

एक राहिलं. समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो, शिक्षण हक्क कायद्याचं कलम २२. बहुतेक ठिकाणी तो मॅडमच एकट्या रात्री बसून लिहितात आणि अध्यक्ष सही करतो. यंदा तुम्ही लिहा. तीन पदं भरलेली, दोन रिकामी, मुख्याध्यापक नाही, क्लार्क नाही, हे आकड्यांनी त्यात येऊ द्या. जालिंदरनगरच्या झेडपी शाळेचं नाव २०२५ मध्ये जगभर झालं ते ऐकलं असेल, खेड तालुक्यातलीच शाळा, तिथंही सगळे गावाच्या सहभागाबद्दलच बोलले. पण लगेच तसं व्हायला जाऊ नका, आधी आधार.

---

नगर_रोड_स्पष्टवक्ता

वर मी बोललो ते थोडं तिखट झालं असेल. माझ्याकडे ऑफिसचा एक लेझर प्रिंटर पडून आहे, चालू कंडिशन, दोन टोनर आहेत. विद्यांजलीवर टाका, तिथूनच देतो, म्हणजे त्या रजिस्टरला कागद लागेल.

---

पश्चिमेचा_पालक

वा, धन्यवाद दादा, इनबॉक्स करतो. रविवारी समितीची सभा लावलीय, मुकादमाला पण बोलावलंय. पासवर्डवाल्या मित्राला एक्सेलवर बसवतो. पिवळ्या बसवाल्यांशी बोलायचं जरा अवघड आहे, त्यातला एक माझा सख्खा भाऊ आहे, ते नंतर बघू. @चार्जमध्येच_आयुष्य जन्मदाखला मागवायला बिहार-यूपीवाल्यांना ऑनलाईन जमतं का हो, की गावातूनच कोणी जावं लागतं?

---

चार्जमध्येच_आयुष्य

काहींची नोंद ऑनलाईन सापडते, पण जन्म घरी झालेला असेल तर बहुतेकदा नोंदच नसते, मग उशिराची नोंद त्याच ठिकाणी करावी लागते. म्हणून आधी २२ जणांना विचारून घ्या कोणाकडे दाखला आहे आणि कोणाकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना पहिल्या गाडीत बसवा, बाकीच्यांचे नातेवाईक छठपूजेला गावी जातात पण ते सप्टेंबरनंतर, तेव्हा कोणी आत्ता जाणारं असेल तर त्याच्याकडे कागद द्या. आणि रविवारच्या सभेचं प्रोसिडिंग तुम्हीच लिहा, मॅडमना लिहायला लावू नका.